एका दाव्याच्या चार शेळ्या

"केंदीचे बाबा, काटा राहू द्या, आधी हे बघा," असं म्हणत न्किरोतेने चहाच्या पानांच्या पोत्यावरच वर्तमानपत्र पसरलं.

केंद्रावर पानं मोजून घेणाऱ्या किनोतीने आधी तिच्या पोत्याचं वजन लिहिलं, अठरा किलो. मग पाहिलं. शेअर बाजाराच्या पानावर चार ओळींखाली तिने नखाने रेघा ओढल्या होत्या. चहाची कंपनी. चहावाल्यांना कर्ज देणारी बँक. चहाच्या ट्रकांचा विमा उतरवणारी कंपनी. चहाची खोकी बनवणारा कारखाना. परदेशातल्या मोठ्या गिऱ्हाइकाने खरेदी थांबवली होती आणि चारही एका आठवड्यात कोसळल्या होत्या. त्यांच्या बचत गटाने या चौघींत घातलेल्या बारा लाख शिलिंगांचे सात लाख उरले होते.

"एक बुडाली तर तीन राहतील म्हणून चार ठिकाणी घातले ना आपण?" न्किरोते म्हणाली. "मग चारही कशा बुडाल्या? माझ्या पोराच्या कॉलेजचे पैसे आहेत ते."

गटातल्या अकराही घरांचे ते पैसे मुलांच्या शिक्षणाचेच होते. किनोतीच्या केंदीला जानेवारीत नर्सिंगला जायचं होतं.

चारही कशा बुडाल्या, हे किनोतीला ठाऊक होतं. त्याच्या बायकोने, कागेंदोने, दोन वर्षांपूर्वी ते भर बैठकीत सांगितलं होतं. ती शाळेत गणित शिकवायची. दर शुक्रवारचे भाव ती वहीत उतरवून घ्यायची. "या चार शेळ्या एकाच दाव्याला बांधल्यात," ती म्हणाली होती. "एक दरीत गेली की चारही जातील. आणि आपण सगळे खातोय तेही चहाचंच. निदान दोन तरी दुसऱ्या दाव्याच्या घ्या, सिमेंटची, फोनची."

अध्यक्ष मुरेरवा तेव्हा हसले होते. "बाई, जिचं दूध पितो तीच गाय घ्यावी माणसाने. चहा आपल्याला कळतो. सिमेंटातलं काय कळतं?"

हात वर करायला सांगितल्यावर किनोतीने मुरेरवांच्या बाजूने हात वर केला होता. बायकोच्या सांगण्यावर चालतो असं कुणी म्हणू नये, एवढंच कारण. कागेंदोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि वही मिटली. घरी त्यावरून ती कधी बोलली नाही. या मार्चमध्ये ती गेली.

रविवारी गटाची बैठक होती. अध्यक्षांनी निरोप पाठवला होता: उरलंय ते विकू, वाटून घेऊ, गट बंद करू.

रविवारी पहाटेच उठून किनोती कागेंदोची वही घेऊन बसला. तिचा हिशेब आपल्याला कळणार नाही अशी त्याला भीती होती, पण तो सोपा निघाला. दोन कंपन्या घ्यायच्या. आठवड्याला दोघींचे भाव एकाच दिशेने गेले तर बरोबरची खूण, उलट गेले तर फुली. वर्षाचे आठवडे बावन्न. चहा आणि बँक: चव्वेचाळीस खुणा. चहा आणि विमा: त्रेचाळीस. चहा आणि खोकी: सेहेचाळीस. मग तिने किनाऱ्यावरच्या सिमेंट कंपनीशी चहा ताडून पाहिला होता: सव्वीस. फोनच्या कंपनीशी: पंचवीस. त्याने प्रत्येक खूण बोट ठेवून दोनदा मोजली.

मोजता मोजता उशीर झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा.

"या, या! पन्नास शिलिंग दंड काढा," न्किरोते दारातच म्हणाली. "माझ्याकडून दर महिन्याला घेता, आज तुमची पाळी."

त्याने दंड भरला, चहाचा कप आणि उकडलेली अरवी बाजूला सारली आणि वही टेबलावर ठेवली.

"गट मोडू नका," तो म्हणाला. "चहाचं निम्मं विका. त्यातून सिमेंट घ्या आणि फोन घ्या."

"तोट्यात विकायचं?" मुरेरवा म्हणाले. "भाव चढेल की परत."

"चढेल. पण पुन्हा पडेल तेव्हा चारही पडतील, आणि त्याच आठवड्यात तुमच्या पानांचे पैसेही अडकतील. फी भरायची वेळ तीच असली तर?"

"म्हणजे सिमेंट पडतच नाही का हो?"

"पडतं. पण चहाबरोबरच पडेल असं नाही. हे बघा, बावन्नात सव्वीस. नाणं उडवल्यासारखं. बँकेचं बघा, चव्वेचाळीस. सावलीच ती चहाची."

मुरेरवांनी चष्मा चढवून वही जवळ ओढली. बराच वेळ त्यांचं बोट खुणांवरून फिरत राहिलं. "हे अक्षर तिचं आहे," ते म्हणाले.

"हो. तेव्हा मी तुमच्या बाजूने हात वर केला होता. ती चूक माझी."



"मग आज कोणत्या बाजूने करताय तेवढं सांगा," न्किरोते म्हणाली. "अरवी गार होतेय."

किनोतीने हात वर केला. न्किरोतेने केला. एकेक करत आठ झाले. मुरेरवांचा नववा होता, तोही अर्धाच वर आला. दोघांनी हात मांडीवरच ठेवले.

"पण यापुढे दर महिन्याला हे बघायला लागेल," मुरेरवा म्हणाले. "दावी बदलतात. आजचं सिमेंट उद्या चहाबरोबर चालायला लागलं तर? कोण बघणार?"

"मी बघतो."

घरी आल्यावर त्याने पलंगाखालून वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढला. ती गेल्यावरही दर शुक्रवारी सवयीने तो पेपर आणत राहिला होता. एकाचीही घडी मोडलेली नव्हती. त्याने सगळ्यात खालचा पेपर काढला, वहीत तिच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली आणि पेन्सिलीला टोक केलं.

एकतीस शुक्रवार भरायचे राहिले होते.