बुडाखालचा जांभळा ठिपका

हसू नका, पण हे बोलणं काचेचं आहे. सहा ग्लासांच्या संचातला मी सहावा. बाकीचे पाच अजून देऊळगाव राजाला, पुष्पांजली मॅडमच्या कपाटात ओळीनं उभे आहेत. मी तिथं नाही. का नाही, तेच सांगायला तोंड उघडलंय, तेव्हा मध्ये बोलू नका.

वाळू वितळवली, साच्यात दाबली, गार केली आणि झालो आम्ही. सहाही अगदी सारखे. कुणाच्या काचेत एक बुडबुडासुद्धा जास्त नव्हता. मलकापूरच्या स्टेशनाजवळ एका दुकानात दोन उन्हाळे धूळ खात बसलो. मग माहेरी आलेल्या पुष्पांजली मॅडमनी आम्हाला हेरलं. एसटीत खोकं मांडीवर घेऊन, खड्डा आला की वर उचलून धरत त्यांनी आम्हाला घरी आणलं. मला वाटलं, नशीब उघडलं आपलं!

मॅडम शाळेत मास्तरीण. सुट्टी लागली की दर रविवारी संध्याकाळी त्यांच्या गच्चीवर बायका जमायच्या. ऊन उतरलं की गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी टाकायची, गप्पांना बसायचं. पन्हं, सरबत पिऊन कंटाळा आला, तेव्हा मॅडमनी मोबाइलवर पाहून जाहीर केलं की आता फुलांच्या चहाचं कॉकटेल.

बाजेवर बसलेल्या सासूबाई, मनकर्णाबाई, दचकल्या. "दारू हाय काय वो त्याच्यात?"

"नाही वो आत्याबाई, फुलांचा थंडा चाय हाय."

"मंग चायच म्हना ना!"

पण फुलं कुठली? तर धम्मशीला मॅडमच्या घरची. त्या त्याच शाळेत गणित शिकवतात. स्टाफरूममध्ये दोघींच्या खुर्च्या चार वर्षं शेजारी. धम्मशीला मॅडमच्या भिंतीवर गोकर्णीचा वेल आहे. त्यांची आई जनकाबाई सकाळी ऊन चढायच्या आत फुलं खुडायची, सावलीत फडक्यावर वाळवायची आणि बरणीत भरायची. ती बरणी पहिल्या रविवारी आमच्या ओट्यावर आली. कृतीही धम्मशीला मॅडमनीच शिकवली.

"पाणी उकळलं की गॅस बंद करा, मंग फुलं टाका. फुलं उकळू नका, रंग मरते."

तळाशी भिजलेला सब्जा, त्यावर बर्फ, मग निळा चहा, वर मोगऱ्याच्या दोन पाकळ्या आणि शेवटी लिंबाची धार. लिंबू पडलं की निळ्याचं जांभळं व्हायचं. बायका "अगं बाई!" म्हणून टाळ्या वाजवायच्या. धम्मशीला मॅडम तर लेकरासारख्या हसायच्या. शाळेबाहेर कुणी आपल्याला घरी बोलावतं, गच्चीवर शेजारी बसवतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. त्या दिवशी त्या माझ्यातून प्यायल्या. मी त्यांच्या वाट्याला आलो, एवढाच माझा गुन्हा.

धम्मशीला मॅडम बौद्ध. पुष्पांजली मॅडमच्या घरात जातीचं नाव कुणी घेत नाही. "त्यांच्यातल्या" एवढंच म्हणतात, तेही आवाज उतरवून. बायका गेल्यावर पाच ग्लास धुऊन कपाटात गेले आणि मी खिडकीत राहिलो. दुसऱ्या दिवशी पुष्पांजली मॅडमनी मला उलटा केला, नखांच्या जांभळ्या रंगाची बाटली काढली आणि माझ्या बुडाला एक ठिपका लावला. फुंकर घालून वाळवलासुद्धा! एवढ्या मायेनं मला कुणी कधी हाताळलं नव्हतं.

तेव्हापासून माझी घासणी वेगळी, फडकं वेगळं, जागा खिडकीत. ट्रेमध्ये मात्र मी सगळ्यांबरोबर जायचो, पण ठरलेल्या उजव्या कोपऱ्यात. पुष्पांजली मॅडम स्वतः मला उचलून हसत धम्मशीला मॅडमच्या हातात द्यायच्या. "घ्या मॅडम, फुलं तुमची, पहिला मान तुमचा." त्या बिचाऱ्या खूश. बाकीच्या चौघींना सगळं ठाऊक होतं. पुष्पांजली मॅडमनीच सांगितलं होतं, आणि वर म्हणाल्या होत्या, "माझं काही नसतं बाई, सासूबाईंसाठी करावं लागतं." त्यावर सिंधूताई, शाळेतल्या सगळ्यांत जुन्या बाई, म्हणाल्या होत्या, "कायले एवढा खटाटोप? मी तं कागदी कप ठेवते."

मेच्या शेवटच्या रविवारी घोटाळा झाला. पूनम नावाच्या तरुण मॅडमना फोटो काढून स्टेटसला टाकायचा होता. पुष्पांजली मॅडम पुदिना आणायला आत गेल्या, तेवढ्यात पूनमनं फोटोच्या नादात सहाही ग्लास उचलून गोल मांडले, मध्ये गोकर्णीची ताजी फुलं ठेवली, चार फोटो काढले आणि ग्लास वाटूनही टाकले. माझ्या पोटात चहा जांभळा, बुडाचा ठिपकाही जांभळा. वरून कुणाला काय दिसणार!

पुष्पांजली मॅडम परत आल्या आणि पाहून पांढऱ्याफटक पडल्या. सिंधूताईंच्या कानाशी वाकून कुजबुजल्या, "खालून पहा, खालून." सिंधूताईंनी ग्लास डोक्याच्या वर धरला आणि खालून पाहिलं. त्यांचं पाहून शेजारणीनं धरला, मग दुसरीनं, मग पुष्पांजली मॅडमनी. संध्याकाळच्या उजेडात चार ग्लास वर उचललेले.

आणि धम्मशीला मॅडमना वाटलं, ही या पेयाची रीतच असेल. त्यांनीही आपला ग्लास उंच केला आणि खळखळून हसल्या. "हाव! कॉकटेल हाय तं चिअर्स पाह्यजेच!"

अरे, फुटून जावं असं वाटलं मला त्या क्षणी.

सगळ्यांत शेवटी पूनमनं मला उचललं. तिचा एक घोट पिऊन झाला होता. ठिपका दिसताच तिनं "ई!" करून कठड्यावरून खाली थुंकलं, मला कठड्यावर आदळलं आणि नळाशी जाऊन चुळा भरायला लागली.

"माशी पडली काय वो?" धम्मशीला मॅडमनी विचारलं. त्या उठल्या, मला उचललं, खालून पाहिलं. मग स्वतःचा ग्लास पाहिला. मग पूनमच्या चुळा ऐकत बाकीच्यांच्या हातांकडे पाहिलं. गणिताच्या बाई त्या, त्यांना कितीसा वेळ लागणार?

"किती दिसापासून?"

"अहो मॅडम, माझं काही नाही," पुष्पांजली मॅडम म्हणाल्या. "आत्याबाईंचं असतं. जुनं माणूस..."

बाजेवरून मनकर्णाबाई कडाडल्या. "माह्यावर कायले ढकलतं वो? म्या जन्मात कधी नखं रंगवली काय? मले चालत नसतं, तं तोंडावर म्हनलं असतं, येऊ नको म्हून."

धम्मशीला मॅडमचा आवाज चढला नाही. "फुलं माह्या मायनं खुडली. माह्या घरात वाळली. ह्या हातानं भिजवली. ते तुमच्या समद्यांच्या पोटात गेलं, चाललं. माह्या तोंडचा गिलास चालला नाही." मग त्यांनी नळावर मला धुतलं, ओढणीनं पुसलं. "हा माझाच ना? मंग नेते."

"हो हो, न्या ना," पुष्पांजली मॅडम सुटल्यासारख्या म्हणाल्या.

जिना उतरताना वरून सिंधूताईंचा आवाज आला. "उरलेला चाय वता बाप्पा गिलासात. वाया कायले घालवता?"

घरी जनकाबाई ब्लेड घेऊन ठिपका खरवडायला बसल्या. "राहू दे, माय," धम्मशीला मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदाच रडल्या. चार वर्षांची मैत्रीण गेली होती त्यांची. ग्लासासाठी कुणी रडत नाही.

तेव्हापासून मी इथं आहे. ज्याचा हात लागेल तो माझ्यातून पितो.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी दारात कोण? पुष्पांजली मॅडम! नणंद येणार होती आणि बरणी रिकामी झाली होती. "झालं गेलं विसरा मॅडम. चार मुठी फुलं मिळतील काय?"

धम्मशीला मॅडमनी त्यांना बसवलं. जनकाबाईंनी दोन ग्लास आणले, एक मी आणि एक या घरचा साधा. धम्मशीला मॅडमनी मला घेतलं आणि पाहुणीच्या देखत प्यायला सुरुवात केली. साधा ग्लास पाहुणीला गेला.

पुष्पांजली मॅडमनी तो हातात घेतला. ओठापर्यंत नेला, थांबल्या. मग हळूच कपाळापर्यंत उचलून त्यांनी खालून पाहिलं.

"नीट पाह्य बाई," जनकाबाई म्हणाल्या. "आमच्याकडं लावत नाहीत."

पुष्पांजली मॅडम न पिताच उठल्या. फुलं मागायचीही त्यांना आठवण राहिली नाही.

माझा ठिपका आता कडेनं थोडा उडालाय. तुमच्यापुढे माझं एकच मागणं आहे. ठिपका लावायचाच असेल तर वर लावा, काठाला, ओठ टेकतात तिथं, सगळ्यांना दिसेल असा. आणि तेवढी छाती नसेल, तर फुलं मागायला येऊ नका.