लाईन बंद असताना

ठाणेदारांनी भिंतीवर पडदा लावून गावोगावचे आकडे दाखवले, तेव्हा कोळदरीची रेघ सगळ्यांत उंच निघाली. मागच्या वर्षी सहा चोऱ्या, यंदा दिवाळीपर्यंत एकोणीस. बैठकीला आलेल्या तीस-बत्तीस पोलीस पाटलांनी माना वळवून संजीवनी हिवाळेकडे पाहिलं.

पोलीस पाटील होऊन तिला तीन वर्षं झाली होती. त्याआधी बारा वर्षं हे काम ज्यांच्याकडे होतं, ते दर महिन्याच्या अहवालात एकच शब्द लिहीत: निरंक. संजीवनीला ते जमलं नाही. कोणी तक्रार घेऊन आलं की ती वही उघडायची, तारीख टाकायची, काय गेलं ते लिहायची. त्यामुळे आकडा थोडा वाढणारच होता. पण सहाचे एकोणीस कशाने झाले, हे तिलाही सांगता येईना.

"आठ दिवसांत संशयितांची यादी द्या," ठाणेदार म्हणाले. "नोटिसा काढू."

यादी तिला करावी लागली नाही. दुसऱ्याच दिवशी भगवानरावांनी तिला ओसरीवर बोलावून घेतलं. गावातले मोठे जमीनदार, ग्रामसुरक्षा दलाचे अध्यक्ष. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर पाच नावं होती आणि पाचही बौद्धवाड्यातली. संजीवनीच्याच वस्तीतली.

"पाटीलबाई, तुमी बसल्या अन् चोऱ्या वाढल्या," भगवानराव म्हणाले. "लोक बोलून राह्यले. मी नाई म्हनत. पन तुमी आपल्या मानसाईले पाठीशी घालता, असं लोकाईले वाटते."

शेजारच्या खुर्चीवर गजेंद्र बसला होता. धाड गावाच्या रस्त्यावर त्याचं विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करण्याचं, वाइंडिंगचं दुकान होतं आणि सुरक्षा दलात तो भगवानरावांचा उजवा हात होता. तो समजुतीनं म्हणाला, "ताई, यादी दिली तर तुमच्यावरचाच डाग जाईन ना. बाकी काई नाई."

संजीवनीनं कागद घेतला. घरी येऊन ती नावं तिनं पुन्हा पुन्हा वाचली. कचरूचं नाव पहिलं होतं. साठीचा माणूस, सोयाबीन काढायला मजुरीनं जाणारा. मागच्या महिन्यात एकदा त्याला ठाण्यात बोलावून दिवसभर बाकावर बसवलं होतं. विचारलं काहीच नाही. तेव्हापासून लोक त्याला कामावर बोलवायला कचरत होते. बाकीच्या चौघांबद्दल मात्र तिला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. एक दारू पिऊन भांडायचा, दुसऱ्याचा भाऊ मोटारसायकलीच्या प्रकरणात अडकला होता. वस्तीतून चालताना ती आता प्रत्येकाच्या दाराशी काय ठेवलंय ते पाहू लागली. लोकांनाही ते कळलं. ती आली की बोलणं थांबायचं.

मग एका सकाळी तिनं वही उघडली आणि चोर कोण, हा प्रश्न बाजूला ठेवून फक्त काय गेलं एवढंच वाचत गेली. एकोणिसांपैकी पाच किरकोळ होत्या: शेळी, सायकल, मोबाइल, गॅसची टाकी, मंदिराची घंटा. उरलेल्या चौदा नोंदी एकाच वस्तूच्या होत्या, विहिरीवरच्या केबलच्या. आणि चौदाही ठिकाणी खांबावरून मोटारीच्या पेटीपर्यंत येणारी केबलच कापलेली. पेटीपासून विहिरीत उतरणारी केबल तशीच सोडलेली.

हे तिला विचित्र वाटलं. विहिरीतली केबल बटण बंद केलं की थंड पडते, ती कोणीही कापू शकतो. खांबावरची बटण बंद केलं तरी जिवंतच असते, आणि गेलेली लाईन कधी परत येईल याचा नेम नसतो. तिला हात लावणारा माणूस एकतर वेडा, नाहीतर लाईन बंद आहे हे पक्कं माहीत असलेला.

ती पंचफुलाबाईच्या शेतात गेली. पंचफुलाबाई एकटीच दोन एकर गहू-हरभरा करायची. तिची केबल सप्टेंबरात गेली होती.

"मावशी, त्या दिवशी तुमी शेतात नव्हत्या का?"

"व्हती ना. सकाळपासून व्हती. मंग लाईन गेली. दुपारपर्यंत येत नाई म्हने, कुठंसाक काम चालू हाय. म्हनून मी घरी जाऊन भाकर खाल्ली. वापस आली तं केबल गायब. दिवसाढवळ्या, बाई!"

संजीवनीनं बाकीच्या तेरा जणांनाही हेच विचारलं. बाराजणांनी तेच सांगितलं. लाईन नव्हती म्हणून शेतात कोणी नव्हतं. एकाला आठवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती वीज उपकेंद्रावर गेली. दुरुस्तीसाठी लाईन बंद करायची असेल तर लाईनमन तिथं आधी परवानगी घेतो, त्याला परमिट म्हणतात, आणि त्याची वेळ रजिस्टरला लिहिली जाते. तिथल्या माणसानं ओळखीवर तिला ते पाहू दिलं. तिनं आपली वही शेजारी ठेवली. चौदापैकी तेरा तारखा जुळल्या. वेळाही जुळल्या.

रजिस्टरला सही लाईनमनची होती. पण लाईनमनचे गुडघे गेलेले. खांबावर त्याच्या जागी एक खासगी माणूस चढायचा. अशा माणसाला गावाकडे झिरो वायरमन म्हणतात. नोकरी नाही, कागदावर नाव नाही, काम मात्र सगळं त्याचं. कोळदरीचा झिरो वायरमन होता धम्मरत्न. संजीवनीचा सख्खा दीर.

परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि जीप चालवत होता तिचाच नवरा, संघपाल. त्यानं विचारलं, "काय झालं वं? तब्येत बरी नाई का?" तिनं मान हलवली. त्याला सांगायचं तिच्या तोंडावर आलं होतं. पण सांगितलं तर तो भावाला सावध करील, असं तिला वाटलं. नवऱ्याबद्दल असा विचार तिनं पहिल्यांदाच केला होता.

लग्न होऊन ती आली तेव्हा धम्मा सातवीत होता. आयटीआयची फी भरायला तिनं कानातले मोडले होते. आता तो एकतिशीचा, अबोल, कामाला वाघ. ती त्याच्यावर नजर ठेवू लागली. तो कितीला निघतो, फोन कुणाचा येतो, फोन आला की अंगणात का जातो. जेवताना त्यानं मान वर केली की ती दुसरीकडे पाहायची.

एका सकाळी तो आंघोळीला गेल्यावर तिनं त्याची कामाची पिशवी उघडली. पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे, कमरेचा पट्टा, एक मोठं कटर, तांब्याच्या तारेचं वेटोळं. वायरमनच्या पिशवीत हेच असणार. तरी ते वेटोळं हातात घेऊन ती उभी राहिली.

"वैनी, काय पाह्यता?"

तो टॉवेल गुंडाळून दारात उभा होता. तिनं वेटोळं खाली ठेवलं नाही.

"धम्मा, तेरा वेळा लाईन बंद झाली अन् तेराही वेळा केबल गेली. लाईन बंद राह्यते हे कोनाले माहीत राह्यते?"

त्याच्या डोक्यावरून पाणी ओघळत राहिलं. चुलीपाशी बसलेली सासू, भिमाबाई, हातातली भाकरी तव्यावर टाकायची थांबली.

"माह्यावर संशय घेता तुमी?"

"इचारून राह्यली."

"मले, लाईनमनले, उपकेंद्रावाल्याले," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "अन् गजेंद्रभाऊले."

"त्याले काऊन?"

"मी फोन करतो त्याले आदल्या दिवशी. लाईन बंद असली की मोटारी दुरुस्तीले काढाले बरं पडते, म्हने. त्या बदल्यात तो मले दुकानातलं काम देते."

"अन् तुले कव्हा वाटलं नाई, की..."

"नाई वाटलं," धम्मरत्न म्हणाला आणि शर्ट घेऊन आत गेला.

खरं असावं. खोटं असतं तर तो आणखी बोलला असता. पण गजेंद्रचं नाव घेण्याआधी तो थांबला, तो क्षण तिच्या मनातून जाईना.

ती ठाणेदारांना जाऊन भेटली. वही आणि रजिस्टरवरून उतरवलेल्या तारखा समोर ठेवल्या आणि तेरा वेळा फोन करणारा आपलाच दीर आहे, हेही सांगितलं. ठाणेदार बराच वेळ तारखा पाहत राहिले. "गजेंद्र रंगेहाथ सापडला पाहिजे," ते म्हणाले. "नुसत्या तारखांवर काही होणार नाही."

पुढच्या बुधवारचं परमिट ठरलं. आदल्या दिवशी धम्मरत्ननं संजीवनीसमोर बसून गजेंद्रला फोन केला: उद्या अकरा ते दोन, नाल्याकडची लाईन. आवाज नेहमीसारखाच होता. इतका नेहमीसारखा, की तिला त्याचीही भीती वाटली. फोन ठेवून तो म्हणाला, "वैनी, लाईन खरोखर बंद करा लागन. नुसतं सांगू नका. चालू राह्यली तं मानूस खांबालेच चिकटन."

"बंद राहीन," ती म्हणाली. आणि मनात आलं, याचा जीव कोणासाठी तुटतोय?

बुधवारी सकाळी तिनं भगवानरावांना पंच म्हणून बोलावलं. कुणाला धरायचंय ते सांगितलं नाही. साध्या कपड्यातल्या जमादारानं त्यांचा फोन काढून स्वतःच्या खिशात टाकला.

"माह्यावरही भरोसा नाई का?" भगवानराव चिडून म्हणाले.

"आज कोनावरच नाई, दादा."

पंचफुलाबाईच्या गव्हाशेजारी पुरुषभर उंच तूर होती. संजीवनी, भगवानराव, जमादार आणि एक शिपाई तुरीत बसले. अकराला लाईन गेली. आजूबाजूच्या मोटारी एकदमच गप्प झाल्या. माणसं घराकडे निघाली. पंचफुलाबाईही डोक्यावर टोपलं घेऊन गेली, नेहमीसारखी.

"पाच जनांतलाच कोनी येईन, पाह्यजा," भगवानराव कुजबुजले. "मी म्हनतो, लाईन चालूच ठेवाची होती. हात लावल्यावर आपोआप समजलं असतं."

"मानूस मरते, दादा."

"चोर मरते."

संजीवनीनं तुरीची फांदी बाजूला सारून खांबाकडे पाहिलं.

साडेबाराच्या सुमारास बांधावरून मोटारसायकल आली. मागे बांबू बांधलेला, टोकाला वाकडं पातं. माणसानं गाडी उभी केली, चारी बाजूंना पाहिलं, चपला काढून ठेवल्या आणि बांबू खांबाला लावला. भगवानरावांनी डोळ्यांवर हात धरला. मग हात खाली घेतला. खांबाशी गजेंद्र होता.

केबलचं एक टोक खाली पडलं तेव्हा जमादार उठला. गजेंद्र पळाला नाही. चिखलात अनवाणी उभा राहिला, संजीवनीकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य हेच बोलला, "मी एकटा नाई. लाईन कव्हा बंद राह्यते हे मले धम्मरत्न सांगते. त्याले इचारा. तुमच्या घरात हाय ना तो?"

दुपारी त्याच्या दुकानामागच्या खोलीत जळालेल्या रबराचा वास होता आणि तांब्याची चार पोती. चोरलेली केबल जाळून तांबं काढायचं आणि ज्यांची गेली त्यांनाच दुकानातून नवी विकायची. पंचफुलाबाईनंही नवी केबल त्याच्याकडूनच घेतली होती. त्यानं ती स्वतः येऊन जोडून दिली होती आणि चोराला चार शिव्या दिल्या होत्या.

संध्याकाळी ठाणेदारांनी संजीवनीसमोर कागद ठेवला. "दीर साक्षीदार लिहू की सहआरोपी? तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटते ते नका लिहू, साहेब. मले काय माहीत हाय ते लिहा. तो फोन करायचा. तेरा वेळा केला. त्याच्या बदल्यात काम घेतलं. केबल त्याच्याकडं सापडली नाई. अन् कालचा फोन त्यानंच केला, म्हनून आज गजेंद्र सापडला."

धम्मरत्नला दोन दिवस चौकशीला बसवलं आणि साक्षीदार करून सोडलं. पाच नावांचा कागद कोणी पुन्हा मागितला नाही. भगवानराव एका सकाळी कचरूच्या दारात गेले आणि "हरभऱ्यात कामाले ये" एवढंच म्हणाले. कचरू म्हणाला, "पाहू." आणि गेला नाही.

लाईनमननं मात्र धम्मरत्नला पुन्हा खांबावर चढवलं नाही. गावात त्याला पाहून लोक मोटारीच्या पेटीला कुलूप लावायचे. पंधरा दिवसांनी त्यानं मेहकरला एका ठेकेदाराकडे काम धरलं. जाताना आईच्या पाया पडला, भावाशी बोलला, संजीवनीकडे मात्र पाहिलं नाही. संघपालनं त्याला जीपनं बसस्थानकापर्यंत सोडलं. परत आल्यावर तोही तिच्याकडे न पाहता जीप धुवायला लागला.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी सासू-सून दोघी अंगणात तूर पाखडत होत्या. भिमाबाईनं सूप खाली ठेवलं.

"संजीवनी, एक इचारू? त्याले माहीत व्हतं का वं? तुले काय वाटते?"

संजीवनीनं कितीतरी वेळा हा प्रश्न स्वतःला विचारला होता. रजिस्टरातल्या तारखांवरून, त्या सकाळच्या थांबण्यावरून, लाईन खरोखर बंद करा म्हणण्यावरून. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं आलं होतं.

"मले नाई समजलं, आत्याबाई," ती म्हणाली. "अजूनही नाई समजत."

भिमाबाईनं सूप उचललं आणि तिच्याकडे पाठ करून पाखडू लागली.