कोरडी गल्ली

वर्षाराणीचं पत्र पावसाच्या आधी आलं होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ती माझ्या बहिणीची मुलगी, कबनूरला असते. नवरा कृष्णात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. मला फोनवर बोलता येत नाही हे तिला ठाऊक आहे. समोरचा ‘हॅलो’ म्हणतो आणि मी माफी मागतो. म्हणून ती पत्र लिहिते.

“मामा, तुम्ही कागद वाचता म्हणून विचारते,” तिनं लिहिलं होतं. “कोल्हापुरात नदीच्या अंगाला एक घर बघितलंय. खाली माझी शिलाई मशिनं, वर आम्ही. पुराचं विचारलं तर एजंट म्हणतो, विमा आहे, काळजी सोडा. झेरॉक्स पाठवते. पुरात घर गेलं तर पैसे मिळतील ना, एवढंच सांगा. तुम्ही होय म्हणालात तर दस्त करून टाकतो. आजवर जमवलेलं सगळं यातच जाणार आहे.”

झेरॉक्स मी पुन्हा पुन्हा वाचली. तीत घराच्या नुकसानीबद्दल अवाक्षर नव्हतं. विमा कृष्णातचा होता. घरासाठी काढलेलं कर्ज फिटायच्या आत तो मेला, तर उरलेलं कर्ज कंपनी फेडणार. घर वाहून गेलं, पंचगंगा स्वयंपाकघरात येऊन बसली, तरी कृष्णात जिवंत असेपर्यंत कुणाला काही मिळणार नव्हतं.

हे इतकं साधं होतं की मला खात्रीच वाटेना. जन्मभर ग्रंथालयात दुसऱ्यांची पुस्तकं लावत बसलेला माणूस मी. मला कळलं ते कर्ज देणाऱ्या, टाय लावलेल्या साहेबांना कळलं नसेल? उत्तर लिहायला घेतलं की पहिल्या ओळीत ‘बहुधा’ येई आणि दुसरीत ‘माझी चूकही असेल’. असलं उत्तर घेऊन तिनं काय करायचं? शेवटी म्हटलं, घर तरी बघून यावं.

ठरल्या वेळी त्या घराच्या दाराशी पोचलो, तर एजंट अजून आला नव्हता. आत कुणी असेल म्हणून मी बेल दाबायला गेलो, तर बोट पोचेना. मी ठेंगणा आहे, पण इतका नाही. चवड्यांवर उभा राहिलो, तरी नाही.

“काठी देऊ का पावणं?” शेजारच्या दारातली बाई खिदळली. “का उचलून धरू?”

तेवढ्यात पांढरी मोटार आली आणि आधी अत्तर, मग एजंट अमरसिंह उतरला. डोक्यावर गॉगल, कारण डोळ्यांवर लावला तर डोक्याला काहीच काम उरलं नसतं.

“उंच माणसांचं घर हाय काका! आत या. बनाबाई, तुमी बी या.”

बनाबाई, म्हणजे ती शेजारीण, बोलावण्याचीच वाट बघत होती. आत नवा रंग, भिंतींना माझ्या डोक्याच्या वरपर्यंत चकचकीत टाइल्स. दिव्याची बटणं आणि टीव्हीचा प्लग त्यांच्याही वर. दिवा लावायला अमरसिंहलासुद्धा हात ताणावा लागला.

“बटणं एवढी वर का?” मी विचारलं.

“ल्हान पोरं हात घालत्यात म्हून. सेफ्टी काका, सेफ्टी!”

“आणि पाणी?”

“चोवीस तास.”

“पुराचं म्हणतोय.”

“हितं? पूर?” तो असा हसला की मला प्रश्न विचारल्याची लाज वाटावी. “बनाबाई, सांगा ह्यास्नी. आपल्या गल्लीत पाणी येतंय का?”

“छ्या! त्या पल्याडच्या गल्लीत येतंय. आमची गल्ली कोरडी.”

तिच्या घराचं वीजमीटर पार पत्र्याला टेकलेलं होतं आणि दारावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी होती.

“आन समजा, आलंच,” अमरसिंहनं मोबाइलवर तोच कागद काढून माझ्या नाकासमोर धरला, “तर ह्यो विमा हाय की!”

“तो कृष्णातच्या जिवाचा आहे. घराचा नाही.”

“घर कुनाचं हुनार? कृष्णातचं. विमा कुनाचा? कृष्णातचा. मग एकच झालं की वो!”

“पण त्यातून पैसे मिळायला आधी कृष्णात मरायला हवा.”

“शुभ बोला की काका! घर घ्यायच्या टायमाला मरनाचं काय काढताय?”

आणि मी ओशाळलो. पूर लपवणारा तो, आणि अशुभ बोलणारा मी ठरलो. निघायचं म्हणून दाराशी आलो. गप्प जाणं बरं दिसत नाही म्हणून, वर्तमानपत्रात वाचलेलं काहीतरी आठवून, मी बनाबाईला विचारलं, “पूरग्रस्तांचं अनुदान इकडे नसेलच मिळालं मग?”

“न्हाय कसं? समद्या गल्लीला मिळालं!” तिचा आवाज चढला. “पर न्याय न्हाय बगा. ह्या मालकानं पंचनाम्याला सांगितलं, पत्र्याला पानी लागलं, भिंत खचली. त्येला जास्ती. आमी छातीएवढं सांगितलं, तर आमास्नी थोडकं. आन पानी दोगांच्या बी घरात सारखंच!”

“बनाबाई!” अमरसिंह ओरडला.

“का? खोटं बोलतो काय मी?”

नाही, बाई खोटं बोलत नव्हती. खोटं बोलायचं होतं हे ती रागात विसरली होती. पंचनाम्याला छातीएवढं पाणी पत्र्याला नेणारी ही माणसं, घर विकायला काढलं की पायाचा अंगठाही भिजला म्हणून कबूल करत नाहीत. आणि बेल खाली आणायचं मात्र एकालाही सुचलं नाही. पुढच्या पुरात ती पुन्हा वर न्यावी लागेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अमरसिंह मला मोटारीपाशी गाठून म्हणाला, “काका, कबनूरला कायबी कळवू नका. तुमास्नी काय कळतंय ह्यातलं?”

हाच प्रश्न मी इतके दिवस स्वतःला विचारत होतो. त्याच्या तोंडून ऐकला तेव्हा कळलं, किती मूर्ख प्रश्न आहे.

घरी येऊन एकटाकी लिहिलं:

“चि. वर्षाराणीस आशीर्वाद. नाही. पुरात घर गेलं तर काही मिळणार नाही. तो विमा कृष्णातच्या जिवाचा आहे. घराचा विमा वेगळा काढावा लागतो. त्यात पुराची भरपाई मिळते, पण बांधकामाची, जागेच्या किमतीची नाही. घरातल्या सामानाचं त्यात आहे का ते बघून घ्यावं लागतं. तुझी मशिनं धंद्याची, त्यांचा विमा आणखी वेगळा. आधी पूर आला होता का, असं अर्जात विचारलं तर एजंट ‘नाही’ लिहायला सांगेल. लिहू नकोस. खोटं निघालं की कंपनी हात वर करते. या घरात छातीएवढं पाणी आलं होतं. विमा झाला तरी पैसे देतो, पाणी अडवत नाही. दस्त करू नका. पटत नसेल तर एकदा जाऊन बेल वाजवून बघ. तूही माझ्याएवढीच आहेस.”

‘बहुधा’ कुठे राहिलाय का, ते दोनदा पाहिलं. मग तसाच चपला घालून टपालपेटीपाशी गेलो. पाकीट आत सोडता सोडता वाटलं, ‘दस्त करू नका’ हे फार झालं, ‘करू नये असं वाटतं’ हवं होतं. बोटं आवळली. पण तोवर पाकीट तळाशी पडल्याचा आवाज आला होता.