हिवाळ्याआधीची फेरी

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा. पायाखालच्या फळ्या हलताहेत, भोवती पुस्तकंच पुस्तकं आहेत, आणि खिडकीत कधी डोंगर दिसतो, कधी नुसतं पाणी. आलात ना आत? मी नॉर्वेच्या किनाऱ्यावरची एक जुनी बोट आहे. माझ्या पोटात वाचनालय आहे.

मला बांधणाऱ्या सुतारांनी प्रत्येक कप्प्याला पुढून पट्टी ठोकली, लाटांनी पुस्तकं पडू नयेत म्हणून. तेव्हापासून मला स्वस्थता ठाऊक नाही. जिथे दुकानसुद्धा नाही अशा बेटांवर मी हिवाळ्याआधी एकदा आणि बर्फ वितळल्यावर एकदा जाते. धक्क्यावरच्या माणसाने दोर झेलून त्याचा फास लोखंडी खुंटाला अडकवायचा, निघताना त्यानेच काढायचा. मग कॉफी, गरम वाफल, गप्पा आणि पिशव्या भरून पुस्तकं. पूर्वी माझा भोंगा ऐकला की लोक चुलीवरचं भांडं उतरवून धावत यायचे. आता घरं रिकामी होत चालली आहेत. धक्क्यावर कोणी नसेल, तर आम्ही पुढे जातो. म्हणून दुरून धक्का दिसला की माझा जीव खालीवर होतो. असेल का कोणी? मित्रांनो, तुमच्या गावातल्या वाचनालयालाही असंच वाटत असेल. त्याला ताटकळत ठेवू नका.

एके वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर एका बेटावर दोर झेलायला नेहमीचे आन्फिन आजोबा नव्हते. त्यांच्या शेजारची लहानगी गुनवोर उभी होती. पहिल्यांदा दोर निसटून पाण्यात पडला. दुसऱ्यांदा तिने तो पोटाशी घट्ट धरला.

"म्हातारा कुठे लपलाय?" बोट चालवणारा आमचा तांडेल तोरगाइर म्हणाला.

आजोबांचा पाय मोडला होता. ते अंथरुणाला खिळले होते. खोकाभर पुस्तकं वर घरी नेऊन त्यांना दाखवा, असं गुनवोर बोटीत येऊन सांगू लागली. पण वारा चढत होता, पुढचं बेट वाट पाहत होतं. मीसुद्धा दोराला हिसके देत होते. ग्रंथपाल ओद्रूनबाईंनी घाईघाईने चार पुस्तकं तिच्यापुढे धरली.

"ही त्यांनी वाचलीत," गुनवोर म्हणाली. "ते स्वतःच निवडतात."

"मग वसंतात निवडतील की," तोरगाइर म्हणाला. "काढ बघू फास, शहाणी माझी बाय."

"आणि तोवर काय छताकडे बघत पडायचं त्यांनी?"

तोरगाइर इंजिनाकडे वळला. इंजिन सुरू झालं.

गुनवोर धक्क्यावर उतरली. फास काढण्याऐवजी ती त्या थंडगार खुंटावरच ठाण मांडून बसली. मी ओढून पाहिलं. ती हलली नाही. तिने पिशवीतून आपलं पुस्तक काढलं आणि वाचू लागली. तोरगाइरने आधी हाका मारल्या, मग कपाळावर हात मारून इंजिन बंद केलं. जड खोका छातीशी धरून ओद्रूनबाई आजोबांच्या घराचा चढ चढू लागल्या, तेव्हा कुठे गुनवोरने पान उलटलं.