बॅलिस्टाचा उजवा पीळ

"माझी गाडी बाहेर पावसात, आणि रोमन लोकांची आत," प्रफुल्ल गराजच्या दारात स्वतःशीच पुटपुटला. मागे चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला, पद्मिनीला, ते ऐकू गेलं आणि बरं वाटलं. चला, या घरात वैतागलेलं आणखी कुणीतरी आहे.

पिस्कॅटवे या अमेरिकन गावातल्या त्या गराजमध्ये महिनाभर एक बॅलिस्टा मुक्कामाला होता. रोमन फौजा शहरांच्या तटावर धोंडे फेकायच्या त्या यंत्राची लाकडी नक्कल. त्यांच्या लेकीच्या, अनिकाच्या, शाळेतल्या लॅटिन क्लबची स्पर्धा होती. टेनिसचा चेंडू खोक्यांच्या भिंतीवर मारायचा. यंत्राच्या चौकटीत डावीउजवीकडे पीळ घातलेल्या दोरांचा एकेक जुडगा, आणि प्रत्येकात खोवलेला एक दांडा. सगळं बळ त्या पिळात. दोन्ही पीळ सारखे नसले तर चेंडू वाकडा जाणार. रोमन कारागीर म्हणे जुडगे छेडून बघत, दोन्हीकडून एकच सूर आला की यंत्र जुळलं.

सूर म्हटल्याबरोबर अनिकानं फोन लावला तो सुहासिनी मावशीला, पद्मिनीच्या गाणाऱ्या मैत्रिणीला.

तिथेच पद्मिनीचं पोट दुखायला लागलं. घरात गाणारी आई होती ना? दर भीमजयंतीला सुहासिनी माइकपुढे आणि पद्मिनी मागे कोरसात, हे खरं. पण गात तर होतीच. पंधरा वर्षांची लेक आईला दिवसभरात 'फाइन', 'लेटर' आणि 'आई, प्लीज' एवढंच द्यायची. मावशीशी मात्र खिदळणं चाले, तेही मराठीत. मोडकंतोडकं, पण मराठीत. आणि मावशी तरी कशी, अनिकानं तोंड उघडलं की सगळी कामं सोडून अख्खीच्या अख्खी तिच्याकडे वळायची. इतके लाड पद्मिनीला बघवत नसत.

पाऊस थांबल्यावर यंत्र मागच्या अंगणात आणलं. सुहासिनी दोन्ही जुडग्यांच्या मधोमध उभी राहिली. डावा छेडला, उजवा छेडला, डोळे मिटले.

"जुळलं गं," ती म्हणाली.

जुळलं नव्हतं. उजवा चांगलाच उतरलेला होता. पद्मिनीनं प्रफुल्लकडे पाहिलं. तो एकदम स्क्रू तपासायला लागला. अनिका ओठ चावत होती. चेंडू सुटला आणि शेजाऱ्याच्या झुडपात गेला.

"लाकूड ओलं असणार," प्रफुल्ल म्हणाला.

"विंड आहे, बाबा," अनिका म्हणाली. पानही हलत नव्हतं.

जयंतीलाही हेच झालं होतं. सुहासिनीचा सूर दोनदा घसरला, तर हॉलनं दुप्पट टाळ्या वाजवल्या, आणि मंडळातल्या चारुदत्तकाकांनी सगळ्यांदेखत माइकला शिव्या घातल्या. पद्मिनीही टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी तिनं शिरा केला. कशाबद्दल, असं प्रफुल्लनं विचारलं तर म्हणाली, सहज.

सुहासिनीनं उजव्या जुडग्याला आणखी थोडा पीळ दिला, पुन्हा छेडला. चेंडू पुन्हा झुडपात.

पद्मिनीनं ट्रे खाली ठेवला. वाक्य जिभेवर तयार होतं, महिनाभर घासून धार लावलेलं. एक वाक्य, की तट पडला असता.

"मावशी, इट्स परफेक्ट," अनिका हळूच म्हणाली. मुलगी चक्क खोटं बोलत होती, आणि किती मायेनं. आईच्या वाट्याला असलं एक खोटं कधी आलं नव्हतं. पद्मिनी आतून भाजून निघाली.

अनिका उजवीकडून बोलली होती. सुहासिनी जुडगाच चाचपत होती. मग मुलीचे ओठ हललेले दिसले तशी ती अख्खीच्या अख्खी वळली, डावा कान पुढे करून. "काय म्हणालीस, राजा?"

पद्मिनी जागच्या जागी थांबली. महिनाभर ज्याला ती लाड समजत होती, ते हे होतं.

ती पुढे गेली. मुद्दाम सुहासिनीच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. सुहासिनीचा हात धरून तिनं उजव्या जुडग्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं दोर छेडला, म्हणजे थरथर तरी कळेल. प्रफुल्लनं स्क्रूंचा नाद सोडला. अनिका डोळ्यांनीच 'नको' म्हणत होती.

धार लावलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. जे आलं ते अगदी साधं होतं.

"सुहास," ती म्हणाली, "तुला उजव्या कानानं ऐकू येत नाही गं."