पलीकडचा अर्धा रस्ता

आमच्या रस्त्याची वाटणी फार जुनी आहे. दोन शहरांमध्ये साडेचार तासांचं अंतर आणि बरोबर मध्यावर एक थांबा: चहाचं दुकान, दोन बाकं, पाण्याची टाकी आणि एक संडास, ज्याच्याबद्दल न बोललेलंच बरं. इकडून मी निघतो, तिकडून लांब्या निघतो. थांब्यावर आम्ही दोघं उतरतो, एकमेकांच्या गाड्या घेतो आणि आलो त्याच रस्त्याने परत फिरतो. प्रवासी आणि कंडक्टर पुढे जातात, ड्रायव्हर तेवढा बदलतो. ज्याने कुणी ही पद्धत काढली त्याचं भलं होवो, कारण तिच्यामुळे दोन बायकांचे नवरे रोज रात्री घरी जेवतात.

सोळा वर्षं मी हा अर्धा रस्ता चालवत होतो. पलीकडचा अर्धा मी कधी पाहिला नव्हता. लांब्याला मी आयुष्यात एकूण किती वेळ भेटलो असेन, तर रोजची दहा मिनिटं. पण तो माझा मित्र आहे. त्याच्या उंचीपायी मला रोज सीट पुढे ओढावी लागते आणि आरसे वाकवावे लागतात, तेव्हा त्याला मनातल्या मनात शिव्या घालतो. एवढी ओळख पुरते.

आता जे सांगायचं ते सांगतो. मला दिसत नाही. म्हणजे समोरचं दिसतं, अगदी लख्ख दिसतं. लांबच्या ट्रकचा नंबर वाचून दाखवीन. कडेचं दिसत नाही. नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसतं आणि बाजूला काही नसतंच. अंधारही नसतो. काहीच नसतं. सुरुवातीला मला कळलंसुद्धा नाही. घरात कोपराने कप पडायचे, बायको म्हणायची, "लक्ष कुठे असतं तुमचं?" मी म्हणायचो, तुझ्याकडे. पाचवा कप फुटल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काय करता, असं त्याने विचारलं. कापडाचं दुकान आहे, असं सांगितलं. तपासून झाल्यावर तो म्हणाला, काचबिंदू आहे, गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांनी टिकवू. मग सहज विचारल्यासारखं म्हणाला, "गाडीबिडी चालवत नाही ना?"

"छे," मी म्हणालो. "मला गाडी लागते."

त्याला तीन वर्षं झाली. थेंब धुळीसाठी आहेत असं बायकोला वाटतं. डेपोच्या दवाखान्यात दर वर्षी तक्ता वाचायला लावतात, तो मी घडाघडा वाचतो. तक्ता समोरच असतो, तो कशाला चुकेल?

आणि रस्ता मला पाठ होता. दुसऱ्या पुलानंतर उजवीकडून विटांचे ट्रॅक्टर येतात, म्हणून तिथे आधीच मान वळवायची. पिवळ्या शाळेपाशी तिसरा गिअर. लोखंडाच्या दुकानापुढे कोण कधी आडवं येईल ते सांगता येत नाही, तिथे जवळजवळ थांबायचंच. कुठे धोका आहे ते आधीच माहीत असलं की डोळ्यांना फार काम उरत नाही. लोक म्हणायचे, काका किती सांभाळून चालवतात. मला बरं वाटायचं, आणि लगेच स्वतःची किळसही यायची. निवृत्तीला चार वर्षं होती. चार वर्षं निघतील, असं रोज सकाळी किल्ली फिरवताना म्हणायचो.

त्या मंगळवारी आम्ही वेळेवर थांब्यावर पोचलो. लांब्याची गाडी नव्हती. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग त्याचा फोन आला.

"बसलो रे," तो म्हणाला. "क्लच गेला. थांब्याच्या अलीकडे अकरा किलोमीटर, माझ्या बाजूला. मेकॅनिक यायला तीन तास लागतील म्हणतायत."

"मग?"

"मग काय, तू तुझी गाडी घेऊन इथपर्यंत ये. माझ्या गाडीपाशी तू बस, तुझी मी घेऊन पुढे जातो. कंट्रोलरशी बोललोय मी. तो हो म्हणाला."

अकरा किलोमीटर. त्यातला एकही मला पाठ नव्हता. मी कंट्रोलरला फोन लावला आणि पोट दुखतंय म्हणून सांगितलं. तो आधीच वैतागलेला होता.

"अकरा किलोमीटर दुखू द्या हो. नाहीतर तसं लेखी द्या. दुसरा ड्रायव्हर पाठवतो, चार तासांनी पोचेल. आणि तुम्ही उद्या सकाळी मोठ्या दवाखान्यात. सगळी तपासणी करून घ्या, डोक्यापासून पायापर्यंत."

डोक्यापासून म्हणजे डोळ्यांसकट, आणि तिथे तक्त्यावर भागत नाही, तिथे यंत्रं आहेत. मी म्हणालो, बघतो, आता जरा बरं वाटतंय.

मी टायर बघितले. परत बघितले. रेडिएटरचं झाकण उघडून लावलं. चहा घेतला, तो आवडला नाही म्हणून आणखी एक घेतला. गाडीत अडतीस माणसं होती. त्यांतले एक वकील, जे दर आठवड्याला तारखेला जातात आणि गाडी तीन मिनिटं उशिरा सुटली तरी घड्याळ माझ्या नाकासमोर धरतात, ते खिडकीतून म्हणाले, "टायर मोजून झाले का? सहाच्या ऐवजी आठ निघाले असतील तर पुढे जायला हरकत नाही."

माझ्या सीटच्या मागेच एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी होती. मुलीच्या पायाला पट्टे लावलेले. दर मंगळवारी त्या पलीकडच्या शहरात डॉक्टरकडे जातात. मुलीला मी चिमणी म्हणतो. तिची वेळ चुकली तर पुढची महिन्याने मिळते, हे मला तिच्या आईने मागेच सांगितलं होतं. ती मला घाई करत नव्हती. नुसती बघत होती. त्यापेक्षा वकील परवडले.

मी चढलो. आमच्या कंडक्टरबाई, दोन वर्षांपासून दिवसाआड माझ्या गाडीवर असतात, त्या नेहमी दारापाशी बसतात. त्या दिवशी त्या पुढे आल्या, इंजिनच्या झाकणाजवळच्या सीटवर बसलेल्या माणसाला मागे पाठवलं आणि स्वतः तिथे बसल्या. घंटेची दोरी हातात धरली.

"निघा दादा," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून बोलल्या, "हा रस्ता माझा रोजचा आहे. मी सांगत जाते. पहिल्यांदा चढ, मग डावीकडे वखार."

मी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं. त्या समोर बघत होत्या.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"दीड वर्ष तरी झालं. मी बाजूने चहाचे पैसे पुढे करायचे तेव्हा तुम्हाला दिसायचे नाहीत. मग मी समोरून द्यायला लागले."

"आणि बोलला नाहीत?"

"बोलले असते तर मला वरही सांगावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "चला. लोक बघतायत."

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की काय सांगू. म्हणजे दीड वर्ष मी ज्या भिंतीआड लपलोय असं समजत होतो, ती भिंतच नव्हती. त्यांनी दोनदा घंटा दिली. मी गिअर टाकला.

अकरा किलोमीटर म्हणजे माझ्या बाजूला पंधरा मिनिटं. इथे मी घाम पुसत वीसवर चालवत होतो. मान सारखी डावीकडे-उजवीकडे, देवळातल्या घंटेसारखी. एकीकडे बघितलं की दुसरीकडचं जग पुसलं जायचं. बाई हळू आवाजात सांगत होत्या. "गतिरोधक. उजवीकडे शाळा आहे, सुटायला वेळ आहे. आता वळण, मोठं आहे. समोरून ट्रक." समोरचं मला दिसतंय, असं मी खेकसलो. त्या म्हणाल्या, बरं.

मागून चिमणीने आईला विचारलं, "आज काका हळू का चालवतात?"

"नवीन रस्ता आहे ना त्यांना."

"रस्ता तर जुनाच आहे," चिमणी म्हणाली.

वकिलांनी घड्याळ पाहिलं असणार. एक बाजारपेठ लागली. दुकानांच्या पाट्या समोर आल्या की वाचता यायच्या आणि पुढे सरकल्या की कापून काढल्यासारख्या नाहीशा व्हायच्या. माझ्या अर्ध्या रस्त्यावर त्या नाहीशा झाल्या तरी मला माहीत असायचं की त्या तिथे आहेत. इथे नाहीशी झालेली प्रत्येक गोष्ट माझ्यावर दबा धरून बसली होती. स्टिअरिंग ओलं झालं. बाहेर उडी मारावी असं वाटलं, आणि ड्रायव्हरला उडी मारता येत नाही.

बाजारपेठ संपली. रस्ता मोकळा झाला, सरळ आणि रुंद. बाई म्हणाल्या, "संपलं बहुतेक. आता चारच राहिले." त्या पहिल्यांदाच मागे टेकल्या. मीही श्वास सोडला आणि पाय जरा दाबला. चाळीस. लांब्याला काय काय ऐकवायचं ते मी मनात जुळवायला लागलो.

"दाबा," बाई ओरडल्या आणि घंटा वाजली. एकदाच.

मी ब्रेकवर उभा राहिलो. मागे डबे पडले, कुणाचं तरी डोकं दांडीवर आपटलं. आणि माझ्या नळीत, काचेला अगदी लागून, एक स्कूटर आली. त्यावर एक बाई, पायांशी दप्तर, मागे गणवेशातली पोर. ती स्कूटर शांतपणे आडवी गेली आणि उजवीकडे नाहीशी झाली. तिने आमच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. एवढी मोठी लाल गाडी, दिवसाढवळ्या, ड्रायव्हरला आपण दिसणारच असं धरून ती चालली होती. का धरू नये?

"कुठून आली ती?" मी विचारलं.

"डावीकडून. पेट्रोल पंपातून." बाईंनी घंटेची दोरी अजून ओढून धरली होती. "केव्हाची दिसत होती दादा. मला वाटलं, एवढी तर दिसेल."

मागून वकील म्हणाले, "अहो, ती बाई मला इथून दिसत होती. झोपलात की काय?"

म्हणजे सगळ्या गाडीला ती दिसत होती. चिमणीलाही दिसली असेल. अडतीस माणसांत एकटा मीच असा होतो ज्याला ती दिसली नव्हती, आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

मी गाडी कडेला घेतली. कडेला आहे की नाही ते बाईंना विचारून घेतली. इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. बाई कुजबुजल्या, "दादा, चारच किलोमीटर. मी नीट सांगते. आता मागे टेकत नाही मी." मला खरंच वाटलं की जावं. चार किलोमीटर आणि मग लांब्या, मग परत माझा पाठ असलेला रस्ता, मग चार वर्षं. हात किल्लीकडे गेलासुद्धा. पण स्कूटरवर मागे बसलेली ती पोर सारखी डोळ्यांसमोरून जात होती.

मी सीटवरून उठलो आणि मागे वळलो.

"मला कडेचं दिसत नाही," मी म्हणालो. "डोळ्यांना आजार आहे. मी पुढे चालवणार नाही."

वकिलांना वाटलं मी त्यांना टोमणा मारतोय. ते म्हणाले, "बरं बरं, चुकलं माझं, चला आता." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी हातातलं घड्याळ खाली घेतलं.

"कधीपासून?" चिमणीच्या आईने विचारलं.

"तीन वर्षं."

ती मनात मोजत होती, ते मला कळलं. तीन वर्षांतले सगळे मंगळवार. तिने मला शिवी दिली असती तर चाललं असतं. तिने पिशवी उचलली, मुलीला कडेवर घेतलं, पट्ट्यांसकट, आणि दाराकडे गेली. तिच्यामागे एक म्हातारा उठला. मग सगळेच. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही, एकामागून एक. गाडी बंद होती, चाकं हलत नव्हती, बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि तरी त्यांना माझ्याबरोबर आत बसायचं नव्हतं. काहीजण मला काका म्हणणारे होते. ते माझ्या अंगावरून जाताना खाली बघत होते. वकील शेवटी उतरले. पायरीवर थांबून त्यांनी कंडक्टरबाईंना विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

बाईंनी तोंड उघडलं.

"तिला कुठून माहीत असणार?" मी ओरडलो. "तक्ता वाचून डॉक्टरला फसवलं मी, तर ही काय तिकिटं फाडणारी! उतरा तुम्ही."

वकील उतरले. बाई तशाच उभ्या होत्या. त्यांच्या घरी दोन मुलं आणि आजारी सासू आहे, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. मी हाताने खूण केली, जा. त्यांनी तिकिटांची पेटी उचलली. दारात जरा घुटमळल्या, मग उतरून लोकांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

मी लांब्याला फोन लावला. "कुठे अडकलास?" तो म्हणाला. "मी येत नाही," मी म्हणालो, "तूच ये, कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून ये. मुलीची वेळ चुकायला नको." त्याने कारण विचारलं. मी सांगितलं. तो मग म्हणाला, "माझी बायको गेल्या महिन्यात तुझ्या गाडीने आली होती." आणि फोन बंद झाला.

आता गाडी रिकामी होती. अडतीस सीट, चाळीस असतील, मी कधी मोजल्या नव्हत्या. बाहेर लोक गाडीपासून बरेच लांब उभे होते. मी ड्रायव्हरच्या सीटवर परत बसलो, कारण दुसरीकडे कुठे बसायचं ते सुचेना. मान दुखत होती. इकडे वळवायची, तिकडे वळवायची, तीन वर्षं ती एका जागी राहिली नव्हती. मी ती मागे टेकवली. मग तिथेच, स्टिअरिंगपुढे बसून, मी डोळे मिटून घेतले.