पांढरी टोपी, पिवळी टोपी

तिसऱ्यांदा केलेला चहाही गार झाला, तेव्हा बायकोनं तो सरळ मोरीत ओतला आणि म्हणाली, "काय झालंय ते सांगणार आहात, की दिवसभर त्या कागदावर असेच बसून राहणार आहात अंडी उबवल्यासारखे?"

"काही नाही," दुर्बिणकाका म्हणाले.

काही नाही म्हणणाऱ्या माणसाचा उजवा पाय टेबलाखाली शिवणयंत्रासारखा हलत होता. पेन्सिल दोनदा तुटली होती. गणित चार वेळा करून झालं होतं आणि चारही वेळा उत्तर एकच, मूर्खासारखं.

रेसकोर्सवर त्यांना सगळे दुर्बिणकाका म्हणत. काम असं, की रेस सुटली की वरच्या खोलीतून दुर्बीण लावायची आणि कुठल्या खांबाशी कुठला घोडा कितवा, पुढच्यापासून किती मागे, हे न थांबता बोलत जायचं. शेजारी बसून बायको लिहून घ्यायची. तो झाला त्या रेसचा चार्ट. या कोर्सवर कॅमेरा एकच, तोही शेवटच्या खांबावर. म्हणजे रेस कशी संपली ते यंत्र सांगणार आणि कशी झाली ते काका. गेली अकरा वर्षं त्यांच्या चार्टला एकही दुरुस्ती लागली नव्हती. काकांना त्याचा गर्व होता, आणि का नसावा? लोक त्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवत.

लांब पल्ल्याची रेस ही त्यांची खास आवड. छोट्या रेसमध्ये काय, कोणीही उधळतं, कोणीही जिंकतं. पण तीन हजार मीटर धावायचं म्हटलं की घोड्याजवळचा दम किती आणि तो कुठे खर्च झाला, हाच सगळा हिशेब. काका समोर येईल त्याला ऐकवायचे, "शेवटची वेळ काय बघता लेको! पहिले हजार मीटर किती सेकंदांत गेले ते बघा, आणि तेव्हा तुमचा घोडा कुठे होता ते बघा. सुरुवात धडाक्यात झाली, तर पुढचे दमतात आणि मागचे येऊन गाठतात. सुरुवात रमतगमत झाली, तर पुढचा ताजाच राहतो, त्याला कोण गाठतंय!"

आणि आज, बरोबर याच हिशेबानं त्यांना कागदावरून उठू दिलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वीची रेस. पाऊस भुरभुरत होता, धावायचा पट्टा ओला. एकाच तबेल्याच्या दोन राखाडी घोड्या धावल्या, दोन्ही जॉकींचे सदरे सारखेच निळे. फरक फक्त टोप्यांचा, एकीची पांढरी, दुसरीची पिवळी. चार्ट सांगत होता की पिवळी टोपी सुरुवातीपासून पुढे होती आणि शेवटी वीस लांब्या, म्हणजे वीस घोड्यांइतकं अंतर, मागे पडून सगळ्यांत शेवटी आली. पांढरी टोपी नववी होती, शेवटच्या सहाशे मीटरला पंधरा लांब्या मागे, आणि तिथून वाऱ्यासारखी येऊन दुसरी आली. वाचायला झकास. पण पहिले हजार मीटर गेले होते एक मिनिट नऊ सेकंदांत. म्हणजे जवळजवळ फेरफटकाच! इतक्या संथ रेसमध्ये पुढची घोडी दमेल कशी? आणि पांढऱ्या टोपीनं शेवटचे सहाशे मीटर, ओल्या पट्ट्यावर, साडेबत्तीस सेकंदांत कापले? तिला काय पंख फुटले होते?

उत्तर एकच होतं. काकांनी टोप्या उलट्या सांगितल्या होत्या. शेवटच्या खांबाचा फोटो खरा, पण त्याआधीचं सगळं उलटं. पुढे होती ती पांढरी टोपी.

त्या पांढऱ्या टोपीच्या घोडीवर आज काकांची मुलगी बसणार होती.

"हे बघ," शेवटी त्यांनी कागद बायकोपुढे सरकवला. तिनं चष्मा लावून एकदा वाचलं, एकदा काकांकडे पाहिलं.

"त्या दिवशी मी तापानं पडले होते," ती एवढंच म्हणाली. "ऑफिसातला कारकून बसला होता ना लिहायला?"

"कारकुनानं मी सांगितलं तसंच लिहिलं असणार. बिचाऱ्याचा काय दोष?"

"हो," बायको म्हणाली, "त्यानं तसंच लिहिलं असणार." आणि डबा भरायला वळली.

काकांनी मुलीला फोन लावला. बंद. लागणार कसा? रेसच्या दिवशी दहा वाजता जॉकींचे फोन जमा होतात आणि रेस संपेपर्यंत बाहेरच्या कोणाशी बोलायचं नाही, बाप असला तरी. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

मुलगी या मोसमात जिंकली होती फक्त दोनदा. परगावाहून आलेल्या एका ट्रेनरनं चार्ट वाचूनच ती घोडी विकत घेतली होती आणि मुलीला स्पष्ट सांगितलं होतं की पहिल्या दोघांत आलीस तर माझ्या तबेल्याचे सगळे घोडे तुझे, नाहीतर दुसरा जॉकी तयार आहे. त्यानंतर तिला कोण विचारणार होतं? एकोणतिसाव्या वर्षी, दोनदा गळ्याखालचं हाड मोडून झाल्यावर? आणि परवाच ती टेबलाशी बसून, याच कागदावर बोट ठेवून म्हणाली होती, "बाबा, ठरलं. मागे ठेवते, शेवटच्या वळणापर्यंत हलवतच नाही."

काका म्हणाले होते, "शाब्बास."

आता ते शाब्बास त्यांना काट्यासारखं टोचत होतं.

कोर्सवर पोचल्यावर काका एका जागी टिकेनात. वरच्या खोलीत गेले, दुर्बीण ठेवली, खाली आले. पुन्हा वर गेले, काहीतरी विसरल्यासारखं करून पुन्हा खाली. जॉकींच्या खोलीच्या दारात पहारेकरी उभा होता, ओळखीचाच.

"एक निरोप दे रे मुलीला."

"काका, नोकरी घालवता का माझी?" पहारेकरी हसला. "निरोप नाही, चिठ्ठी नाही, खाणाखुणा नाहीत. हा नियम तुम्हीच मला पाठ करून घेतला होता."

मग ट्रेनर. तो घोडीचा पाय तपासत होता. काकांनी घसा खाकरला. "मला वाटतं, आज हिला पुढूनच धावू दे. पहिल्यापासून."

ट्रेनर उभा राहिला. "काका, तुमचाच कागद सांगतो ना ती मागून येते म्हणून? त्याच कागदावर भरवसा ठेवून मी हिला घेतली."

"कागद... कागदाचं काय, माझा आपला अंदाज."

"अंदाज मला माझी सासूही सांगते," ट्रेनर म्हणाला. "मी कागदावर चालतो."

काकांना तिथल्या तिथे बोलायचं होतं की कागद चुकला आहे. पण अकरा वर्षं! आणि दुरुस्ती म्हणजे नुसती दुरुस्ती नव्हती. नियम असा, की दुरुस्ती आली की ती लाउडस्पीकरवर सगळ्या मैदानाला ऐकवायची, चार्ट सांगणाऱ्याच्या नावासकट. आणि त्यानंतर डोळे तपासून घेतल्याशिवाय त्यानं दुर्बिणीला हात लावायचा नाही. काका तपासणीला का भीत होते? कारण वर्षभर त्यांना घरातली पांढरी भिंत पिवळट दिसत होती. रंगच जुना झालाय, अशी ते स्वतःची समजूत घालत होते. बायकोनं मागच्याच महिन्यात ती भिंत रंगवून घेतली होती. तरी ती पिवळट दिसतच होती.

ते जिना चढले, उतरले, आणि अर्ध्या जिन्यात थांबून कठड्याला धरून उभे राहिले. लाउडस्पीकर जॉकींच्या खोलीतही ऐकू जातो. निरोप नाही, चिठ्ठी नाही, पण दुरुस्ती जाते. दुरुस्ती सगळ्यांसाठी असते.

"नाक कापून घ्यायचंय ना, मग घे," काका स्वतःलाच म्हणाले आणि ऑफिसात शिरले.

कारकुनानं त्यांची चिठ्ठी वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, नक्की? मी त्या दिवशी तुम्ही बोललात तेच..."

"तुझं काही चुकलं नाही रे. दे लावून."

दोन मिनिटांनी सगळ्या मैदानावर आवाज घुमला. तीन आठवड्यांपूर्वीच्या पाचव्या रेसच्या चार्टमध्ये पांढरी टोपी आणि पिवळी टोपी यांच्या जागा शेवटचा खांब सोडून सर्वत्र अदलाबदल करून वाचाव्यात. मग काकांचं नाव, पूर्ण नाव, जे इथे अर्ध्या लोकांना माहीतही नव्हतं. कोणीतरी हसलं. कोणीतरी ओरडलं, "अहो दुर्बिणकाका, काच पुसा!" काकांचे कान तापले. ते मान खाली घालून वरच्या खोलीत गेले आणि सवयीनंच दुर्बीण हातात घेतली.

बायको नेहमीच्या जागी बसली होती.

"झालं," काका म्हणाले. "तू असतीस त्या दिवशी, तर हे घडलं नसतं, असं उगाच वाटतंय."

"नसतंच घडलं."

"म्हणजे?"

बायकोनं पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे मी तुम्ही सांगाल तसं लिहीत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही सांगता, मी खिडकीतून बघते आणि चुकलं असेल तर बरोबर ते लिहिते."

काकांचा आवाज चढला. "दोन वर्षं? दोन वर्षं मला वेडा बनवलंस?"

"वेडा नाही, कामावर ठेवलं," ती म्हणाली. "डोळे दाखवा म्हणून किती वेळा सांगितलं? तुम्ही भिंतीला नावं ठेवत बसलात! ती मेली भिंतही रंगवून घेतली मी, तेव्हा तरी कळेल म्हणून." तिचा स्वर एकदम मऊ झाला. "तुम्ही हे काम सोडून घरात बसलेले मला बघवलं नसतं हो. पण चुकलंच माझं. आज पोरीच्या मुळावर येत होतं."

खाली घोडे सुटायच्या फाटकात घेतले जात होते. तिनं हात पुढे केला. "द्या इकडे."

दुर्बीण देताना काकांची बोटं पट्ट्यातून सुटेनात. मग सुटली. ते तिच्या खुर्चीत बसले आणि पेन्सिल हातात घेतली.

रेस सुटली.

"चार नंबर पुढे," बायको म्हणाली. चार नंबर म्हणजे मुलगी. आवाज सपाट, किराणा वाचून दाखवावा तसा. "सात, एका लांबीनं. मग नऊ, दोन लांब्यांनी. मग एक नंबर."

काका लिहू लागले. वर बघायची सोय नव्हती, सवय नसलेल्या लिहिणाऱ्यानं वर बघितलं की रांग चुकते. डाव्या हातात घड्याळ. पहिले हजार मीटर, एक मिनिट आठ. पोरगी सगळ्यांना गाडीला जुंपल्यासारखी चालवत होती आणि मागच्या एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं!

"ऐकलं तिनं," ते पुटपुटले. "अगं, ऐकलं तिनं!"

"लिहा. चार पुढे, दोन लांब्या. नऊ दुसरा. सात तिसरा."

दोन हजार मीटर. अजून चार. काकांचा पाय टेबलाला आपटत होता, टेबल हलत होतं, अक्षर कोंबडीनं पाय ओढल्यासारखं होत होतं. शेवटचं वळण. "चार पुढे, एक लांबी. नऊ येतोय. सातही बाहेरून." मैदानातून एक गलका उठला आणि वाढतच गेला.

मग बायको बोलायची थांबली.

"सांग ना! सहाशेचा खांब गेला! कितवी?"

"मला दिसत नाहीये," बायको म्हणाली. दुर्बीण डोळ्यांना तशीच होती आणि तिच्या खालून पाणी ओघळत होतं.

काका खिडकीशी धावले. त्यांना दिसले तीन पिवळट धब्बे, एकमेकांत मिसळलेले, शेवटच्या खांबापाशी. त्यातला आपला कुठला, हे जन्मदात्या बापाला सांगता येईना. दोघं खिडकीत एकमेकांचा हात धरून उभी राहिली आणि इतरांसारखीच लाउडस्पीकरची वाट बघत राहिली.

फोटो बघायला त्यांनी चार मिनिटं घेतली. पहिला नऊ. दुसरी चार. तिसरा सात.

मुलगी वर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर माती होती आणि श्वास अजून लागत होता. "ट्रेनर म्हणाला, शनिवारपासून सकाळी सहाला तबेल्यात हजर राहा," तिनं दारातूनच सांगितलं आणि आईच्या गळ्यात पडली. मग कागद उचलला. "शी, बाबा, किती घाणेरडं अक्षर! आणि हा शेवटचा रकाना कोरा का?"

बायकोनं दुर्बीण पुसायला घेतली.

"कोणी बघितलंच नाही?" ती हसायला लागली, मग तिनं बापाच्या डोळ्यांत नीट निरखून पाहिलं आणि हसू थांबलं. लाउडस्पीकरवरचं ते पूर्ण नाव तिनंही ऐकलं होतं. ती बापाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

"लिहा," ती म्हणाली. "सहाशेच्या खांबाला मी पुढे, अर्ध्या लांबीनं. नऊ माझ्या गुडघ्याशी. सात बाहेर, त्याच्या मागे एक लांबी."

काकांनी लिहिलं. खाली चार्ट सांगणाऱ्याचं नाव घालायची जागा होती. तिथे त्यांनी आधी बायकोचं नाव लिहिलं, मग मुलीचं. लिहिणाऱ्याच्या जागी स्वतःचं लिहिताना त्यांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला.